ईशान्येचा पाहुणा

क्योटोच्या जुन्या राजवाड्याला बाहेरून प्रदक्षिणा घालायची म्हणजे बराच वेळ खडीवरून करकरत चालावं लागतं. उजव्या-डाव्या हाताला काही नाही, फक्त पाच पांढऱ्या आडव्या रेघा ओढलेली मातीची लांबच लांब भिंत. ती सरळ येते, येते, आणि ईशान्येच्या टोकाला अचानक बिचकते. तिथे कोपराच नाही. भिंत आत वळवून कोपरा खाऊन टाकलाय. मान वर केली की वळचणीखाली जाळीच्या आड एक लाकडी माकड बसलेलं दिसतं. खांद्यावर पूजेच्या कागदी पट्ट्यांची काठी. या जागेला सारुगात्सुजी म्हणतात. माकड रात्री उतरून येणाऱ्याजाणाऱ्याच्या खोड्या काढायचं, म्हणून त्याला जाळीत घातलं, अशी गोष्ट सांगतात.

कोपरा का खाल्ला? कारण ईशान्य ही भुतांच्या येण्याची दिशा. जपानीत तिला ‘किमोन’ म्हणतात, म्हणजे भुताचं दार. कोपराच ठेवला नाही तर दार कुठे बसवणार, असा हा साधा हिशेब. शहराच्या ईशान्येला हिएई डोंगर आहे, त्यावर साइचोनं 788 साली मठ सुरू केला. राजधानी क्योटोला आली ती 794 मध्ये. म्हणजे पहारेकरी आधी, गाव मागून. पुढे एदो, म्हणजे आजचं टोकिओ, वसलं तेव्हा तिथल्या किल्ल्याच्या ईशान्येला उएनोत 1625 साली कान्एइजी हे देऊळ बांधलं, आणि त्याला ‘पूर्वेचा हिएई डोंगर’ असंच नाव दिलं.

मी त्या माकडाखाली उभा राहून मनात म्हटलं, आमच्याकडे या कोपऱ्यात देवघर असतं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे एक जुनी कार्टून मालिका. जुन्या जपानी कालगणनेत दिशांनाही राशींच्या प्राण्यांची नावं असतात. ईशान्य येते बैल आणि वाघ यांच्या मधोमध. बैल म्हणजे उशी, वाघ म्हणजे तोरा. म्हणून ईशान्य म्हणजे ‘उशितोरा’. जपानी चित्रांतल्या राक्षसाला बैलाची शिंगं आणि कमरेला वाघाचं कातडं असतं तेही यामुळेच, असं सांगतात. काझुहिरो फुजिता या चित्रकाराच्या मंगाचं, म्हणजे चित्रकथेचं, नाव आहे ‘उशिओ तो तोरा’. उशिओ हा मुलगा, तोरा हे भूत, मधला ‘तो’ म्हणजे आपलं ‘आणि’. जपानी कानाला त्यात भुताचं दार ऐकू येतंच.

फुजिता होक्काइदोतल्या आसाहिकावाचा, जन्म 1964 चा. हा मंगा ‘शोनेन संडे’ साप्ताहिकात 1990 ते 1996 चालला, त्याचे 33 खंड झाले. त्याची ॲनिमे मालिका 1992-93 मध्ये आली, दहा भागांची. पण ती टीव्हीवर आली नाही, थिएटरातही नाही. ती थेट कॅसेटवर आली. दुकानात जायचं, विकत किंवा भाड्यानं आणायची, घरी पडदा ओढून बघायची.

या प्रकाराला जपानीत ओव्हीए म्हणतात, म्हणजे मुळात व्हिडिओसाठीच केलेलं ॲनिमेशन. पहिला मान जातो ‘दालोस’ला, डिसेंबर 1983. मामोरु ओशिई हा त्याचा एक दिग्दर्शक. बेटामॅक्स 1975 चं, व्हीएचएस 1976 चं; म्हणजे यंत्रं घराघरांत बसायला सात-आठ वर्षं गेली आणि मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, की मधला टीव्हीवाला काढून टाकला तर? टीव्हीवरच्या कार्टूनचे पैसे खेळणी आणि खाऊ विकणाऱ्या कंपन्या देत. कंपनीला रोबो खपवायचा असला की गोष्टीत रोबो. कॅसेटचे पैसे बघणाराच देणार. मग त्याला काय हवं एवढाच प्रश्न उरला. आणि त्याला बरंच काही हवं होतं, त्यातलं निम्मं संध्याकाळी सहा वाजता आजी शेजारी बसलेली असताना दाखवता आलं नसतं.

मात्र कॅसेट महाग. सुरुवातीच्या काळात अर्ध्या तासाच्या एका कॅसेटला दहा हजार येनच्या आसपास मोजावे लागत. 1988 मध्ये ‘पॅटलेबर’वाल्यांनी 4,800 येन किंमत लावली तेव्हा ती स्वस्ताईची बातमी झाली. त्यासाठी त्यांनी कॅसेटमध्येच जाहिरात घातली होती. म्हणजे पाच वर्षांत जाहिरातवाला मागच्या दारानं परत घरात.

आपल्याकडे त्याच सुमाराला व्हिडिओ ‘आणला’ जात होता. 1982 च्या आशियाई खेळांबरोबर रंगीत टीव्ही आला आणि मागोमाग व्हीसीआर. एका रात्रीसाठी यंत्र भाड्यानं, सोबत तीन पिक्चर, चाळीतली सगळी पोरं सतरंजीवर. आमच्या कोपऱ्यावरच्या लायब्ररीवाल्यानं एकदा ‘जपानी कार्टून’ म्हणून दिलेल्या कॅसेटमध्ये कुणाच्या तरी साखरपुड्याचं शूटिंग निघालं होतं, आणि आम्ही तेही पूर्ण पाहिलं. खरी जपानी कॅसेट मिळाली असती तरी उपयोग नव्हता. त्यांची चित्रपद्धत एनटीएससी, आपली पाल. साध्या यंत्रावर नुसती पट्टे मारत बसली असती. म्हणून हा ‘तोरा’ मला भेटला तो फार उशिरा, इंग्रजी अक्षरं खाली पळत असलेल्या डीव्हीडीवर. त्याच्या मूळ कॅसेटा मी पहिल्यांदा हातात घेतल्या त्या टोकिओच्या नाकानो ब्रॉडवेत. 1966 साली बांधलेली ही बाजारपेठ आहे. वरच्या मजल्यांवर बोळच बोळ आणि त्यांत कुणीतरी जिवापाड जपून मग विकून टाकलेल्या वस्तू. कॅसेटच्या खोक्याचं प्लॅस्टिक पिवळं पडलं होतं, पाठीवरचा लाल रंग उन्हानं गुलाबी झाला होता. आकडे पाहिले तर एक, दोन, चार, सात. मधले गायब.

आता गोष्ट. उशिओ आओत्सुकी हा देवळातल्या पुजाऱ्याचा मुलगा. बाप शिगुरे सांगतो, की आपल्या एका पूर्वजानं इथे एका भयंकर राक्षसाला भाल्यानं ठोकून ठेवलंय. मुलगा म्हणतो, थापा. बाप आणि मुलगा हातघाईवर येतात. या घरात ‘चहा घेतोस का’ हेही थोबाडीत देऊनच विचारत असावेत. मग एक दिवस जुन्या वस्तूंच्या कोठारात आवराआवर करताना उशिओला जमिनीत लोखंडी झाकण सापडतं. ते उघडतो आणि धाडकन तळघरात कोसळतो. धूळ बसते. समोर खडकाला एक प्रचंड पिवळा प्राणी टांगलेला, खांद्यातून भाला आरपार. पाचशे वर्षं. आणि तो प्राणी बोलतो, की बरं झालं आलास, हा जरा उपटून दे.

का, तर बाहेर पडल्यावर आधी तुला खाईन. हे तो लपवत नाही. लपवण्याइतका हुशार असता तर पाचशे वर्षं लटकला नसता, असं वाटतं. पण मला हा प्रामाणिकपणाच मालिकेच्या विनोदाचं मूळ वाटतो. उशिओ झाकण लावून वर येतो. पण झाकण एकदा उघडलेलं असतं. तोराचा वास, दर्प, तेज, काय म्हणायचं ते, फटीतून बाहेर पडलेलं असतं, आणि त्यावर आसपासची क्षुद्र भुतं गोळा होतात. माशांसारखी, किड्यांसारखी, हवेत वळवळणारी. नेमक्या त्याच वेळी शाळेतल्या दोन मैत्रिणी, आसाको आणि मायुको, दारात आलेल्या. त्यांना वाचवायचं तर खालचा राक्षस सोडायला हवा. सोडला तर तो आपल्याला खाणार. उशिओ भाला उपटतो.

हा भाला, ‘केमोनो नो यारी’, म्हणजे पशूचा भाला. तो हातात धरला की उशिओचे केस भराभरा वाढून पायांपर्यंत येतात, डोळे जनावराचे होतात, ताकद येते. किंमत अशी, की प्रत्येक वेळी भाला त्याच्या आत्म्यातलं थोडंसं खातो. आता तोराला भाल्याची धास्ती, उशिओला तोराच्या दातांची. दोघं एकमेकांना सोडू शकत नाहीत. शाळेत जाताना हे धूड मुलाच्या डोक्यावर तरंगतंय, ‘आज खाऊ का’ विचारतंय, इतरांना ते दिसत नाही, आणि उशिओ भर रस्त्यात हवेशी भांडतोय.

मराठी वाचकाला इथे वेताळ आठवला नाही तरच नवल. विक्रमाच्या पाठीवरचा वेताळ राजा बोलला की उडून जायचा. इथे उलट आहे, मुलगा बोलून बोलून थकला तरी पाठीवरचा जात नाही. पण मला त्याहून जास्त आठवतो वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीचा वेतोबा, ज्याला लोक हातभर लांबीच्या चामडी वहाणा वाहतात. देव रात्री गावात गस्त घालतो, त्याच्या वहाणा झिजतात, नव्या लागतात. भूतच, पण आपलं. त्याच्या खाण्यापिण्याची, पायताणाची काळजी गावानं घ्यायची. मंगामध्ये तोराची हीच सोय मायुको लावते. मुलीच्या हातचा हॅम्बर्गर तो चाखतो आणि त्याला चटक लागते. त्याला तो शब्दही धड उच्चारता येत नाही, ‘हान्बाक्का’ म्हणतो. माणूस खायची धमकी चालूच राहते; पण सकाळी कुणी नारळ फोडला की शांत होणाऱ्या गावदेवासारखं त्याचं होऊन जातं.

कॅसेटवाल्या मालिकेत हे कसं उतरलंय? पहिल्यांदा दिसते ती तोराची आयाळ. तेव्हा सगळं हातानं. पारदर्शक प्लॅस्टिकवर शाईची रेघ, मागून रंग, मग कॅमेऱ्याखाली एकेक चित्र. केसाळ प्राणी हालवणं म्हणजे प्रत्येक चित्रात केसांचा झुपका नव्यानं काढणं. फुजिताची मूळ रेघ फार खडबडीत आहे, ब्रशनं ओरबाडल्यासारखी. ती ॲनिमेशनच्या स्वच्छ रेघेत मावत नाही. पण तोरा उडी मारतो तेव्हा आयाळ मागे फरपटत येते आणि थांबल्यावर क्षणभरानं पुढे पडते. इथे खर्च केलाय हे कळतं. दिग्दर्शक कुनिहिको युयामा. हाच माणूस पुढे 1997 पासून ‘पोकेमॉन’चा कारभारी झाला. राक्षस खांद्यावर घेऊन फिरणाऱ्या मुलापासून राक्षस खिशात घालून फिरणाऱ्या मुलापर्यंत, असा त्याचा प्रवास.

आणि आवाज. तोराला आवाज दिला चिकाओ ओत्सुका यांनी, तेव्हा ते साठी ओलांडलेले. चार्ल्स ब्रॉन्सनच्या चित्रपटांच्या जपानी डबिंगमध्ये ब्रॉन्सनच्या तोंडी त्यांचा आवाज असे. 1968 च्या ‘गेगेगे नो कितारो’मध्ये नेझुमी-ओतोको हा लबाड, घाणेरडा, तरीही हवाहवासा उंदीरमाणूस त्यांचाच. भूत आणि टगा यांच्या मधला सूर त्यांच्या घशात वीस-पंचवीस वर्षं मुरलेला होता. तोरा ओरडतो तेव्हा भीती वाटते, आणि लगेच पुढच्या वाक्यात तो पेन्शन अडकलेल्या काकासारखा कुरकुरतो. उशिओचा आवाज नोझोमु सासाकीचा. त्याच 1992 साली टीव्हीवर ‘यु यु हाकुशो’ सुरू झाली, तिच्यातला टारगट नायक युसुकेही सासाकीच. ती मालिका 112 भाग चालली. तिच्यात पहिल्याच फटक्यात मेलेल्या युसुकेला परलोकातून कामं सांगणारा साहेब म्हणजे तोंडात चोखणी धरलेलं बाळ, कोएन्मा. एन्मा म्हणजे आपला यम. को-एन्मा, यमाचं पिल्लू. बौद्ध ग्रंथांबरोबर आपली किती मंडळी तिकडे जाऊन स्थायिक झाली आहेत! यक्षाचा ‘याशा’ झाला, राक्षसाचा ‘रासेत्सु’. आणि भुतांच्या त्या ईशान्य दिशेचा राखणदार कोण, तर ईशानतेन. आपला ईशान. क्योटोच्या तोजी मठासाठी 1127 साली रंगवलेल्या बारा दिक्पालांच्या चित्रांत तो आजही आहे. म्हणजे त्या कोपऱ्यातून देव मुळीच गेलेला नाही. त्याला फक्त देवघराऐवजी वेशीवरची ड्युटी लागली.

त्या काळात कॅसेटवर भुताटकीचा विनोद करणारी मालिका ही एकटी नव्हती. 1990 पासून आलेली ‘मामोनो हंटर योको’ ही 108 व्या पिढीची भूतमारी मुलगी, तिला शिकवणारी 107 वी तिची आजी. 1994-95 मध्ये मॅडहाउस स्टुडिओची चार भागांची ‘युगेन काइशा’. तिचं नाव म्हणजे कोटीच आहे. जपानमध्ये मर्यादित जबाबदारीच्या छोट्या कंपनीला ‘युगेन गाइशा’ म्हणत. उच्चार जवळपास तसाच ठेवून अक्षरं बदलली, की ‘गूढ’ आणि ‘भूत’ असलेली कंपनी तयार होते. मालकीण आयाका पिते, कॅराओकेत गाते, पैसे उडवते; लिपस्टिकमधून तलवार काढून पिशाच्चं कापते; आणि घरचा हिशेब तिचा पोरसवदा नोकर बघतो. अर्थव्यवस्थेचा फुगवटा फुटून तीन-चार वर्षं झालेल्या जपानमध्ये ही बाई अगदी शोभून दिसते. पण चारच भाग. कंपनी चालली नाही म्हणायची. 2006 च्या कायद्यानं खऱ्या ‘युगेन गाइशा’ही नव्यानं काढायच्या बंद झाल्या.

कॅसेटचा खरा त्रास इथेच आहे, आणि ‘उशिओ तो तोरा’ त्याचं सगळ्यात जिव्हारी लागणारं उदाहरण. टीव्ही मालिका रडतखडत का होईना, दर आठवड्याला पुढे सरकते. कॅसेट मालिका खपली तर पुढची निघते. दहा भाग झाले. सोबत अकरावा म्हणून ठेंगण्या, डोकेमोठ्या पात्रांचा एक थट्टेचा भाग काढला. 1993 मध्ये दुकान बंद. मंगा मात्र आणखी तीन वर्षं चालला. खंड मागून खंड. ज्यानं हजारो येन मोजून दहाही कॅसेट घेतल्या त्याच्या हाती आला तो भल्या दणकट कादंबरीचा पहिला सहावा-सातवा हिस्सा. त्यातही सुरुवातीचाच भाग असल्यानं मुलींना फारसं काही करायला नाही. त्या दगड होतात, नाहीतर कुठल्यातरी तोंडात सापडतात आणि उशिओची वाट बघतात. पुढे आसाको आणि मायुको दोघीही कथेचे खांब होतात, पण ते पुढे.

आणि पुढे जे आहे त्यासाठीच मी हा लेख लिहायला घेतला.

मंगाचा खरा खलनायक ‘हाकुमेन नो मोनो’ आहे, म्हणजे पांढऱ्या चेहऱ्याचा तो. नऊ शेपट्यांचा, अंगातून द्वेष ओतणारा. जपानी वाचकाला त्यामागची दंतकथा ठाऊक असते. बाराव्या शतकात तोबा सम्राटाच्या दरबारात तामामो-नो-माए नावाची अतिसुंदर, अतिविद्वान बाई होती. ती म्हणे नऊ शेपट्यांची कोल्हीण. तिला नासूच्या माळावर मारलं, तिची शिळा झाली. तोचिगी प्रांतातली ही ‘खुनी शिळा’ मार्च 2022 मध्ये दुभंगलेली सापडली आणि जपानभर ‘कोल्हीण सुटली’ची धमाल उडाली. पण दंतकथा म्हणते, की ही कोल्हीण जपानची नाहीच. आधी ती चीनच्या राजाला बुडवून आली. आणि त्याच्याही आधी ती होती तेन्जिकुमध्ये, म्हणजे भारतात, हान्झोकु राजपुत्राची लाडकी राणी म्हणून.

हान्झोकु. अक्षरांचा अर्थ ठिपक्या पायांचा. संस्कृतात ठिपक्या पायांचा म्हणजे कल्माषपाद. महाभारताच्या आदिपर्वातला, वसिष्ठाच्या मुलांना खाणारा शापित राजा. बौद्ध जातककथांतला नरभक्षक सौदास तो हाच. त्याला बोधिसत्त्व सुतसोमानं माणसांत आणलं. ही सुतसोमाची कथा अजिंठ्याच्या सतरा नंबरच्या लेण्यात भिंतीवर रंगवलेली आहे. सौदासाची आई झालेली सिंहीण आणि राजा तिथे अजून दिसतात. मी शाळेच्या सहलीत तिच्यासमोरून गेलो असणार. गाइड बॅटरी मारून पुढे चला म्हणाला असणार. माणूस खाणारा राजा औरंगाबादच्या डोंगरातून निघाला, चीनच्या ग्रंथांतून जपानला पोचला, वाटेत त्याला बायको म्हणून कोल्हीण मिळाली, आणि हजार-दीड हजार वर्षांनी तिची एक शेपटी शालेय मुलांच्या साप्ताहिकात आपटली.

फुजितानं या जुन्या वाटेवर आपली पावलं टाकली आहेत. मंगाच्या शेवटाकडे कळतं, की तोरा हा कुठला जपानी पशू नाही. तो माणूस होता, प्राचीन भारतातला. नाव शागाकुशा. त्याच्या जन्माच्या वेळी आसपासचे सगळे मेले, हा एकटा वाचला, म्हणून लोक त्याला टाळत. मोठा होऊन अजिंक्य योद्धा झाला. लढाईत त्याच्या बाजूचं माणूस उरत नसे, हा मात्र जिवंत परते. एका मुलानं आणि त्याच्या बहिणीनं काय ती माया लावली. तीही युद्धात गेली. त्या क्षणी त्याच्या मनात जो द्वेष उसळला, त्यावर इतकी वर्षं त्याच्याच खांद्यात लपून बसलेला हाकुमेन पोसला आणि बाहेर पडला. शागाकुशा मग त्याच्या मागावर भटकत राहिला, मरण नसलेला. भाला हाती आला, भाल्यानं त्याला पशू केलं. कपाळावरची जखम वागवत, दारोदार तेल मागत फिरणारा अश्वत्थामा आपल्या आज्यांनी आपल्याला दाखवलाय. हे दोघं एकमेकांना वाटेत भेटले असते तर बोलायला लागले असते असं नाही. पण ओळख पटली असती.

हे सगळं पडद्यावर यायला 2015 उजाडलं. माप्पा स्टुडिओनं टीव्हीसाठी 39 भागांत अख्खा मंगा संपवला. धावपळ झालीच, 33 खंड 39 भागांत कोंबायचे म्हणजे मधली गावं न थांबता जायची. एसटीची एशियाड झाली. तरी शागाकुशा आला, हाकुमेनला मेगुमी हायाशिबाराचा थंडगार आवाज मिळाला. तोरा मात्र नव्या गळ्यात, रिकिया कोयामाच्या. चिकाओ ओत्सुका त्याच वर्षी जानेवारीत गेले होते. नवी मालिका जुलैत सुरू झाली. ज्या आवाजानं तोरा घरात आणला त्याला तो मूळचा कुठला हे बोलायला मिळालंच नाही.

आता कुणाला कॅसेट लागत नाही. शेवटचा व्हीएचएस यंत्रवाला, फुनाई, 2016 मध्ये थांबला. सप्टेंबर 2025 मध्ये ‘डीमन स्लेअर’चा चित्रपट हिंदी, तमिळ, तेलुगूत लागला तेव्हा थिएटरांतली गर्दी पाहून कुणाला वाटलंही नसेल, की 1993 साली रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘जंगल बुक’ बघणारी पिढी जपानीच कार्टून बघत होती, आणि तिला ते ठाऊक नव्हतं. मोगलीला कुणी पासपोर्ट विचारला नाही.

39 भाग संपल्यावर मी पुन्हा ती जुनी पहिली कॅसेट पाहिली, म्हणजे तिची डीव्हीडी. चित्र थोडं मऊ आहे, कडेला रंग पाझरल्यासारखे. उशिओ आवराआवर करतोय, बापाला शिव्या घालतोय. झाकण सापडतं. तो पडतो. धूळ. मग ओत्सुकांचा आवाज, खर्जातला, पाचशे वर्षांत कुणाशी न बोललेल्या माणसाचा. तो मोठ्या आवाजात म्हणतो की मी बाहेर आलो की तुला खाणार, आणि या वेळी मी त्याच्या चेहऱ्याकडे न बघता खांद्याकडे बघत होतो, जिथे भाला आहे. उशिओ शिडी चढून वर जातो. झाकण ओढतो. खालून हाका ऐकू येतायत, आधी रागाच्या, मग जरा कमी रागाच्या.